अप्पांचा ब्रेक पाइप

माझं काम नळ्यांची तोंडं बघायचं. गाडीच्या ब्रेकचं तेल ज्या बारीक पोलादी नळीतून चाकापर्यंत जातं, तिला धंद्यात ब्रेक पाइप म्हणतात. तिचं टोक आधी आत दुमडतात, मग शंकूने दाबून बाहेर फुलवतात. असं दुपदरी फुललेलं तोंड म्हणजे फ्लेअर. नटाने आवळलं की ते जोडावर घट्ट बसतं आणि तेल बाहेर येत नाही. फ्लेअर कलता असला, तडकला असला, त्याच्या ओठावर ओरखडा असला, तर तेल झिरपतं. मग पाय कितीही दाबा, गाडी तिच्या सवडीने थांबते. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर अशा नळ्यांचा एक कारखाना आहे. तिथे मी भिंगाखाली नळी धरते आणि 'नाही' म्हणते. दिवसभर हेच. लोक मला खडूस समजतात, पण लोकांच्या गाड्या थांबतात.

'नाही' म्हणायला मला कुठे शिकावं लागलं नाही. मी सांगलीची. आमच्याकडे चहात साखर कमी असली तर पाहुणा तोंडावर सांगतो, आणि मुलगी पसंत नसली तर मुलगाही सांगतो. लग्न करून आले ती मात्र चेन्नईतल्या एका तंजावरी मराठी घरात. ह्या लोकांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आले. त्यांनी जुनी मराठी सांभाळली, देव सांभाळले, पण 'नाही' हा शब्द वाटेत कुठेतरी गाठोड्यातून पडला. घरात त्याच्या जागी दोन शब्द चालतात, 'पाहू की' आणि 'होईल की'. 'पाहू की' म्हणजे हे होणार नाही. 'होईल की' म्हणजे हे तुम्ही पुन्हा विचारलंत तरी होणार नाही. माझ्या नवऱ्याने माझ्याआधी पाहिलेल्या मुलींपैकी एकीलाही नकार कळवलेला नाही. त्यातल्या एकीची आई अजून दिवाळीला मिठाई पाठवते. मला ह्या घरातून होकार आला की नुसता नकार आला नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

ह्या घराचे कर्ते म्हणजे माझे सासरे, अप्पा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. वर्गात पोरांना बेधडक नापास करायचे म्हणे, पण घराच्या फाटकातून आत आले की त्यांचंही 'पाहू की' सुरू. त्यांना साखरेचा आजार आहे आणि एक गाडी आहे. दोन्ही जुनी. गाडी मद्रासमध्येच बनलेली, आणि तिचा कारखाना माझ्या जन्माच्या सुमारास बंद पडलेला. आमचं घर तिरुवान्मियूरला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. खारं वारं गाडीला रोज थोडंथोडं खातं आणि अप्पा रोज तिला पुसतात. खाणारा आणि पुसणारा, दोघेही दमत नाहीत.

दर रविवारी सकाळी अप्पा त्या गाडीतून माझ्या सासूबाईंना, अम्मांना, कोवलमला न्यायचे, केरळातल्या नव्हे, इथल्याच किनाऱ्यावरच्या. तिथे होड्या ओढून ठेवतात त्या बाजूला समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, आत बसूनच थर्मासमधली कॉफी प्यायची, माशांचा वास फार यायला लागला की काचा वर करायच्या आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. दोघं वाटेत काय बोलायची ते मला माहीत नाही. पण रविवारी अम्मा ठेवणीतलं पातळ नेसायच्या, आणि अप्पा शनिवारीच टायरांची हवा बघून यायचे. त्यांच्या संसारातली सगळी चैन त्या एका फेरीत होती.

त्या फेरीत अम्मांचा उजवा हात कुठे असायचा, हे माझ्या लग्नानंतर लवकरच मला दिसलं. दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेक होता. अम्मा गाडीत बसल्या की हात त्याच्यावर, उतरेपर्यंत तिथेच. मी एकदा विचारलं, "अम्मा, हात अवघडत नाही?" त्या म्हणाल्या, "सवय झाली की."

सवय कसली, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. अप्पांचा उजवा पाय बधिर होत चालला होता. साखरेने होतं तसं. त्यांची उजवी चप्पल चालता चालता पायातून सुटायची आणि त्यांना पत्ता लागायचा नाही. एक चप्पल पायात, दुसरी जिन्यात, नाहीतर फाटकाशी, नाहीतर देवघराच्या उंबऱ्याबाहेर. अम्मा आपल्या पायाने ती सरकवत सरकवत त्यांच्या पुढ्यात आणून ठेवायच्या आणि तोंडाने भाजीचं काहीतरी बोलत राहायच्या. माझा नवराही तेच करायचा. चप्पल मुकाट्याने सरकवण्यात हे घर इतकं तयार झालं होतं की आलेल्या पाहुण्यालाही कळायचं नाही. डॉक्टरांनी पायाची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. अप्पा म्हणाले होते, "पाहू की."

मग तमिळ लोकांचा आडी महिना लागला, म्हणजे आपला आषाढ-श्रावण. साड्यांच्या दुकानांत सेल लागले आणि अप्पा अम्मांना घेऊन टी. नगरच्या बाजारात गेले. जे शहाणे लोक बसने जातात, तेसुद्धा त्या दिवसांत टी. नगरला जात नाहीत. एका साडीच्या दुकानासमोर गर्दीत गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे, फुटपाथवर चढली आणि दारातल्या प्लास्टिकच्या बाईला आडवं करून थांबली. प्लास्टिकच्या बाईचं डोकं घरंगळत उसाच्या रसवाल्यापर्यंत गेलं. दुकानातले लोक धावत आले आणि आधी त्यांनी तिची कांजीवरम फाटली आहे का ते बघितलं. जिवंत माणसांची विचारपूस नंतर झाली. कुणाला काही लागलं नव्हतं.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "मी ब्रेक दाबलो. खाली गेला. कांहीच नाही लागलं."

"मग गाडी थांबली कशी?" मी विचारलं.

अम्मा म्हणाल्या, "थांबली की." त्यांच्या उजव्या तळहातावर लाल वळ होता.

नवऱ्याने मेकॅनिक बोलावला. तो गाडीखाली शिरला, उजव्या चाकाकडे जाणारा पाइप गंजलाय म्हणाला, त्याला पाना लावला, आणि पाइप मोडून त्याच्या हातात आला. झालं, गुन्हेगार सापडला. घरात असा सुटकेचा श्वास मी कुणाचं लग्न ठरल्यावरही ऐकला नव्हता. सगळे पाइपवर तुटून पडले. काय तो गंज, काय ते जुनं लोखंड, पाइपचं काही खरं नसतं. अमेरिकेतल्या नणंदेला व्हिडिओवर पाइप दाखवण्यात आला आणि तिने तो बघून डोळ्यांना रुमाल लावला.

मी तो तुकडा उचलून खिडकीशी नेला. माझं पोट त्याच्यावर चालतं. बाहेरून तो गंजलेला होताच, पण मोडलेली कड चकचकीत, ताजी होती. म्हणजे तो मोडला मेकॅनिकच्या पान्याने, टी. नगरला नव्हे. गाडीचं टोपण उघडून बघितलं तर ब्रेक ऑइलची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. पाइप गळाला असता तर तेल कमी व्हायला नको? चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. मी नवऱ्याला बाजूला घेऊन हे सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. हळू बोल."

"मग अप्पांना सांग, आता गाडी चालवू नका म्हणून."

"असं कसं सांगता येईल?"

हा प्रश्न त्याने अगदी निरागसपणे विचारला. शेवटी घरात ठरलं ते असं. गाडी चालवू नका असं कुणी म्हणायचं नाही. पाइप मिळत नाही असं म्हणायचं. कारखाना बंद, मॉडेल जुनं, शोध चालू आहे, होईल की. अप्पांना हळूहळू कंटाळा येईल आणि प्रश्न आपोआप सुटेल. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची नाही, मांजर म्हातारं होण्याची वाट बघायची. ह्या बेतात एकच अडचण होती. ब्रेक पाइप ज्या गावात ढिगाने बनतात, त्या गावात तो मिळत नाही हे पटवायचं होतं, आणि सून त्याच धंद्यात होती. माझ्यावर कामगिरी एवढीच होती की विषय निघाला की मी स्वयंपाकघरात जायचं.

कारखान्यात ह्यापेक्षा वेगळं काही चालतं असं कुणी समजू नये. आमच्याकडे एखादा माल परत आला की मूळ कारण शोधायची बैठक बसते. मोठे साहेब, मधले साहेब, सगळे. मूळ कारण नेहमी अशा वस्तूत सापडतं जिला तोंड नाही. हवेतला दमटपणा, वीज, पलीकडच्या पुरवठादाराचं तेल. भिंतीवर सुरक्षिततेच्या शपथा लावलेल्या, त्यांच्याखाली बसून आम्ही दमटपणाला दोषी धरतो आणि समोसे खातो. आमच्या पाइपवर कितीतरी सह्या होतात. त्यातला एकही सही करणारा आपल्या पाइपच्या भरवशावर चालत्या गाडीसमोर उभा राहील असं मला वाटत नाही. मीही राहिले नसते.

अप्पांना कंटाळा आला नाही. एक दिवस त्यांनी मोडका पाइप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बसने एग्मोरला गेले. तिथून जवळच जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार आहे. दुपारी घामाघूम होऊन परत आले, एक चप्पल पिशवीत. बहुधा रस्त्यात कुणा भल्या माणसाने उचलून दिली असावी.

"अस्के पाइप मिळत नाही म्हणून सांगतात," ते मला म्हणाले. अस्के म्हणजे सगळे. "तो दुकानदार हसला की. पाइप कशाला मिळायला पाहिजे, नळी घ्या, लांबी कापा, तोंड करून घ्या म्हणून सांगटला. तू त्या कारखान्यांत काय करतीस मग?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. अप्पांनी पिशवीतून नळीचं वेटोळं काढलं आणि त्याच्याबरोबर फ्लेअर करायचं हातातलं हत्यार. नळी धरायला भोकांची दुहेरी पट्टी आणि वरून फिरवायचा शंकू. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते अशा आनंदाने मांडलं की अम्मांना रसमचं पातेलं जमिनीवर ठेवावं लागलं.

"मी करतो," अप्पा म्हणाले. "तू तपास. पास का नापास, तेवढंच सांग."

"आयुध पूजेच्या आत गाडी निघाली पाहिजे," हेही त्यांनी सांगून टाकलं. नवरात्राच्या नवमीला इथे सगळी हत्यारं, पुस्तकं, गाड्या पूजेला लागतात. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांच्यावरून चालवायची, म्हणजे वर्षभर विघ्न नाही. आजवर एकदाही दुसऱ्या कुणी अप्पांची गाडी लिंबांवरून नेलेली नव्हती.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. "करू देत," तो मला खोलीत म्हणाला. "तुम्हा लोकांना मशीनवर जमत नाही, त्यांना हाताने काय जमणार? तू नापास करत राहा."

पहिले फ्लेअर मी मनापासून नापास केले. ते होतेच तसे. पिशवीतली ती पहिली नळी त्यांनी वाटेत एसी दुरुस्तीवाल्याकडून घेतली होती, तांब्याची. मऊ असते, फुलते छान. मी म्हटलं, ही ब्रेकला चालत नाही, दाबाखाली दगा देते. मग पोलादी आणली. ती कापताना तिरकी कापली गेली, तोंड एका बाजूला ओठ काढल्यासारखं झालं. नापास. मग आतली कड न घासताच फुलवली, तडकली. नापास. मग घासली, पण शंकू इतका आवळला की ओठ कागदासारखा पातळ. नापास. एकदा तर दोन्ही टोकं झकास फुलवली आणि नट आधी ओवायचे राहिले; फुललेल्या तोंडावरून ते आत जात नाहीत.  आमच्याकडे पदवीधरही हे करतात. अप्पांनी स्वतःच कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "हा तर शून्य मार्काचा."

मला एक गोष्ट तेव्हा कळली. त्यांना 'नापास' आवडत होतं. ह्या घरात कितीतरी वर्षांत त्यांना कुणी खरं काही सांगितलं नव्हतं. औषधाची गोळी गोड, भाजी छान, तब्येत उत्तम, पाइप मिळत नाही. आणि मी तोंडावर 'नापास' म्हटलं की ते चष्मा वर करून विचारायचे, "फॉल्ट कोठे?" मी दाखवला की मान हलवायचे आणि पुन्हा नळी कापायला बसायचे. अम्मा चटणी वाटताना ऐकत असायच्या. एकदा मी जरा जास्तच झापलं तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "थंड हो की, बाळ." अप्पा म्हणाले, "नको. असंच सांगू दे तिला."

आणि मग नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी, कॉफी झाल्यावर, त्यांनी एक पाइप माझ्यासमोर ठेवला. मी भिंग लावलं. एक टोक बघितलं, दुसरं बघितलं. ओठ गोल, मध्यावर, जाडी सारखी, आतला पदर नीट दुमडलेला, बैठक गुळगुळीत. नट दोन्ही आत. मी फिरवून फिरवून बघत राहिले, कारण नवरा दारात उभा होता आणि डोळ्यांनी मला 'नाही' म्हणत होता. तोंडाने त्याला ते जन्मात जमलं नव्हतं.

"फॉल्ट कोठे?" अप्पांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पास."

 अप्पांनी पाइप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि देवापुढे नेऊन ठेवला. नवरा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. मीही चिडले होते. खोटं त्यांनी रचायचं आणि शिक्का मात्र मी मारायचा, ही कुठली रीत?

नवमीच्या सकाळी पूजेआधीच काम उरकायचं होतं, कारण एकदा हत्यारांना गंध लागलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आम्ही चाक काढलं, पाइप वाकवून बसवला, नट आवळले. आता राहिली होती हवा काढायची. पाइप बदलला की ब्रेकमध्ये हवा शिरते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा स्क्रू सैल करायचा. तिथून बुडबुड्यांसकट तेल येतं. मग स्क्रू बंद, पाय वर, पुन्हा. बुडबुडे थांबेपर्यंत.

अप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. किती आठवड्यांनी बसले होते! स्टीअरिंगवरून त्यांनी हात फिरवला. नवरा उघड्या दाराशी उभा. अम्मा पायरीवर, लिंबांचं ताट घेऊन. नणंद कट्ट्यावर टेकवलेल्या फोनमध्ये. मी चाकाशी उकिडवी बसले.

"दाबा अप्पा."

"दाबलो."

मी स्क्रू सैल केला. काही नाही. थेंबसुद्धा नाही. पुन्हा बंद केला.

"सोडा. परत दाबा."

"दाबलो की!"

काही नाही. पुन्हा तेच. तेल भरलेलं होतं, नळी मोकळी होती, मी स्वतः फुंकून बघितली होती. मी मान वर केली.

"फ्लेअरच लीक असेल," नवरा म्हणाला. "शेवटी घरी केलेला."

"असेल की," अम्मा म्हणाल्या.

"मी तर आधीच म्हणत होते, जुनी गाडी, कशाला," नणंद फोनमधून म्हणाली.

आणि अप्पांचा आवाज आला, पडलेला. "शेवटचा वळसा मीच जास्त दिलो असेन. मला तेव्हांच वाटलं होतं."

मी उठले. दाराशी गेले. अप्पांचा उजवा पाय ब्रेकच्या पॅडलला लागून खाली, चटईवर होता. चप्पल मागे सीटखाली. आणि तो पाय इमानदारीने, पोटरी ताठ करून, चटई दाबत होता. नवरा तिथेच उभा होता. त्याला हे माझ्याआधी दिसलं होतं. ते बघतच तो फ्लेअरला दोष देत होता.

माझं डोकं फिरलं. टी. नगरला पाइप निर्दोष होता, तरी मी गप्प बसले होते. तो कारखान्याचा पाइप होता. पण हा त्या माणसाने बोटं कापून घेऊन, नापास होऊन होऊन केलेला होता. त्यांचं मन राखायचं म्हणून त्यांनी केलेली एकमेव धड गोष्ट तुम्ही त्यांच्याच तोंडून वाईट ठरवून घेणार? ही कसली माया?

"फ्लेअर पास आहे, अप्पा," मी म्हटलं. "काल पास होता, आजही पास आहे. तुमचा उजवा पाय नापास आहे. तुम्ही चटई दाबताय."

  अम्मांनी ताट खाली ठेवलं. नवरा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या वडिलांच्या थोबाडीत मारल्यासारखं.

अप्पा खाली वाकले. आपल्या पायाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, वर्गात कुणा मुलाची वही बघावी तसं. मग डोळे न काढता पाय उचलला, पॅडलवर ठेवला आणि दाबला.

"आता पाहा," ते म्हणाले.

मी जाऊन स्क्रू सैल केला. बुडबुडे फसफसत तेल आलं.

"आलं," मी ओरडले.

"बघून दाबलं तर येतं की," अप्पा म्हणाले.

"रस्त्यात खाली बघायला वेळ मिळत नाही, अप्पा."

हे म्हणताना मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.  मग अप्पांनी विचारलं, पण मला नाही, अम्मांना, "टी. नगरला हँडब्रेक तू ओढलीस का?"

अम्मांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. 'थांबली की' येणार असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "होय."

अप्पा उतरले. चप्पल शोधून, हाताने घालून, चाकाशी आले आणि माझ्या हातातला पाना घेतला. "तू बस," ते म्हणाले. "मी खाली पाहतो." मग मी ब्रेक दाबत राहिले आणि ते स्क्रू सोडत राहिले, तेल स्वच्छ येईपर्यंत. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राचा कपटा दोन्ही जोडांवर दाबून बघितला. कोरडा. तो कपटा त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. लीक म्हणणाऱ्याने तो बघून ठेवावा एवढंच.

पूजा झाली. गाडीला गंध, कुंकू, झेंडूची माळ. फ्लेअरचं हत्यार पुस्तकांशेजारी पाटावर. अप्पांनी वाकून चारही चाकांपुढे लिंबं ठेवली, किल्ली कमरेची काढली आणि माझ्यापुढे धरली. नवऱ्याने हात पुढे केला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी बसले, गाडी सुरू केली. बघते तो अप्पा गाडीच्या पुढे, फाटकाला पाठ लावून उभे. गाडी आणि फाटक यांच्यात जागा ती किती, लिंबं चिरडून थांबण्यापुरती. उजवी चप्पल पुन्हा सुटून माझ्या चाकापाशी पडलेली.

"अप्पा, बाजूला व्हा!" नवरा ओरडला. अख्ख्या आयुष्यात त्याने वडिलांना सरळ सांगितलेली ती पहिली गोष्ट असावी. अम्मांचा हात सवयीने पुढे गेला, पण आज त्या गाडीत नव्हत्या आणि हँडब्रेक माझ्या शेजारी होता.

"पाइप मी केला," अप्पा म्हणाले. "ये."

मी क्लच सोडला. लिंबं फुटली, गाडी पुढे सरकली, अप्पांचं धोतर बॉनेटच्या पलीकडे दिसेनासं झालं आणि मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला. हात सरळ करायलाही जागा नव्हती.

"पास का नापास?" त्यांनी काचेतून विचारलं.

"पास," मी म्हटलं. माझा उजवा पाय पॅडलवर अंगठ्यापर्यंत लटलट कापत होता, आणि तो कापतोय हे मला कळत होतं.